करंट पाहायचा नाही

स्कूटर बंद पडली की नागपुरातले पुरुष नेमके कुठून उगवतात, हे मला अजून कळलेलं नाही. रस्ता रिकामा असतो. तुम्ही एक किक मारता, दुसरी मारता, पदर सावरून मान वर करता, तर समोर तीन माणसं उभी. पहिला म्हणतो, प्लग ओला झाला. दुसरा म्हणतो, कचरा आला असेल. तिसरा काहीच म्हणत नाही. तो खाली बसतो, बाजूचं झाकण उघडतो, प्लगची टोपी उपटतो आणि सांगतो, "मारा किक, करंट पाहू." टाकीत पेट्रोल आहे का, हे कोणी विचारत नाही. पेट्रोल पाहण्यात कसलं आलंय कौशल्य? करंट मात्र निळा असतो, तडतड वाजतो, आणि तो दिसला की पाहणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं.

आमच्या घरात असा एक पुरुष कायमचा राहायला होता. ते माझे भासरे, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. मानेवाडा रस्त्यावरच्या घरात एका बाजूला ते आणि जाऊबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही. मधे अंगण सामाईक. सासरचं मूळ गाव कुहीकडचं, धानाच्या शेतीवरचं, आणि तिथली एक रीत शहरात आली तरी सुटली नव्हती: भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, आणि तिनंही त्याच्याशी नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी आमच्यात एक वाक्य सरळ गेलेलं नव्हतं. मी चार फुटांवर कपडे वाळत घालत असले तरी ते जाऊबाईंना म्हणायचे, "तिले सांग, नळ आला." मी दोरीकडे पाहत म्हणायची, "जाऊबाई, म्हणावं भरलं पाणी." जाऊबाई सुपातले तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्या मानसुद्धा वर करायच्या नाहीत. निरोप आपोआप पोचलेला असायचा.

एवढं चालून जात होतं, कारण नळाच्या पाण्यात चूक व्हायला जागा नसते. इंजिनात असते.

भासरे सरकारी खात्यात ओव्हरसिअर होते आणि त्यांची जुनी हिरवी स्कूटर हा त्यांचा अभिमान होता. माझीही तशीच होती, जुनीच घेतलेली. मी सदरमधल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. घर ते शाळा साडेआठ किलोमीटर, शाळा सकाळी सातची. यजमान हिंगण्याला कारखान्यात, त्यांची बस पहाटेच येऊन जायची. त्यामुळे माझी गाडी मला चालू करता येणं भाग होतं.

या जुन्या गाड्यांमधे ठिणगी पाडायचं काम दोन छोट्या धातूच्या टिकल्या करतात. त्यांना पॉइंट म्हणतात. इंजिनाचं चाक फिरतं तशा त्या चिकटतात आणि उघडतात. ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास वेळा. इतक्या वेळा उघडमीट करणारी कोणतीही वस्तू झिजणार आणि जळणार. टिकल्यांवर काजळी धरते, त्यांना उघडणारा फायबरचा ठोकळा झिजतो, मधली फट कमी होते, आणि एका थंड सकाळी गाडी मरून उभी राहते. फट किती हवी? माझ्या गाडीला शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. हे मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्यांचं एक साधन मिळतं, त्याला गेज म्हणतात. मी ते बुलडीच्या बाजारातून विकत आणलं आणि पर्समधे ठेवलं. पट्टी घालायची, नुसती घासून जाईल इतका स्क्रू फिरवायचा, घट्ट करायचा. यात अवघड काहीच नाही. नखं काळी होतात एवढंच.

भासरे गेज वापरत नसत. ते पोस्टकार्डाचा तुकडा वापरत. पोस्टकार्डाची जाडी बरोबर बसते, असं त्यांचं म्हणणं. मी जाऊबाईंमार्फत एकदा विचारलं होतं की पावसाळ्यात पोस्टकार्ड फुगतं त्याचं काय. उत्तर आलं, "तिले सांग, गाडी चालून राहिली ना?" चालत होती, हे खरं. दर दोन आठवड्यांनी रस्त्यात थांबून चालत होती.

आणि दर रविवारी ते करंट पाहायचे. लोक पाहतात तसा नाही. लोक प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवतात आणि ठिणगी पडली की समाधान मानतात. भासरे प्लगची टोपीच काढून टाकायचे, उघडी तार इंजिनापासून लांब धरायचे, आणि यजमानांना किक मारायला लावून ती हळूहळू आणखी लांब न्यायचे. ठिणगी किती अंतरावरून उडी मारते त्यावरून गाडीची तब्येत. "अर्धा बोट! पाहून घे, अर्धा बोट उडून राहिली!" हे अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. अर्धं बोट म्हणजे नेमकं किती आणि कोणाचं, हे विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी आमच्या पर्यवेक्षिकाबाई निवृत्त होणार होत्या. सेवाज्येष्ठतेनं पुढचं नाव माझं. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"नाव तुमचंच आहे बाई, पण संस्थेतले लोक मस्टर मागून पाहताहेत. तुमच्या नावापुढे लाल शाई फार. पर्यवेक्षिकेनं सगळ्यांच्या आधी यायचं असतं. कोण आलं नाही ते पाहून तास वाटायचे असतात. तीच उशिरा आली तर वाटायचे कोणी?"

"गाडी त्रास देते," मी म्हटलं.

"संस्था गाडीला नेमणार नाहीये. जानेवारी महिना बघतील. एकही लाल शेरा नको."

मला ते पद हवं होतं. पगारात फरक फारसा नव्हता. पण दहा वर्षं मी वेळापत्रकातल्या चुका पाहत आले होते. एका वर्गाला सलग तीन गणिताचे तास, दुसऱ्याला आठवड्यात दोनच. आणि ते दुरुस्त करायचा अधिकार त्या एका खुर्चीला होता. मी जुनी स्कूटर विकून नवी घेतली. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची.

या गाडीत पॉइंट नाहीत. चाकातलं चुंबक एका गुंडाळीसमोरून जातं, त्या इशाऱ्यावर एक काळा बंद डबा ठिणगी सोडतो. काही चिकटत नाही, काही उघडत नाही, म्हणून काही झिजत नाही. ऐन डिसेंबरच्या थंडीत पहिल्या किकला चालू. मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, जे बहुधा नागपुरात दुसऱ्या कोणी केलं नसेल. त्यात ठळक अक्षरात होतं की प्लगची तार मोकळी ठेवून इंजिन फिरवू नये. कारण साधं आहे. या डब्यातल्या विजेचा दाब जुन्यापेक्षा बराच जास्त. त्याला प्लगमधून वाट मिळाली नाही तर तो आतल्या आत फुटतो आणि डबा जळतो.

मी यजमानांना तेवढं वाक्य वाचून दाखवलं. "हे दादांना सांगा. आजच सांगा."

"सांगतो."

दोन दिवसांनी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं ना."

मी हिशेबी बाई. एका निरोपावर विसंबायला नको म्हणून जाऊबाईंनाही सांगितलं: "त्यांना म्हणावं, नव्या गाडीच्या तारेला हात लावायचा नाही. करंट फार जास्त आहे, नुकसान होईल."

आता हे दोन निरोप पुढे कसे गेले, ते मला मागाहून कळलं. यजमानांनी सांगितलं होतं, "दादा, नवी गाडी आहे, जरा सांभाळून." आणि जाऊबाईंनी सांगितलं होतं, "तिच्या गाडीले हात नका लावू. करंट लागते म्हणते, लई जोराचा."

भासऱ्यांनी याचा अर्थ लावला की धाकटीला त्यांच्या जिवाची काळजी वाटते.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मी न्हाणीघरात केस धूत होते. बाहेर किकचा आवाज आला. माझ्या गाडीची किक मला ओळखू येते. एकदा, दोनदा, मग पुष्कळदा. मी ओल्या केसांवर पंचा गुंडाळून अंगणात आले. भासरे माझ्या स्कूटरपाशी बसले होते. उजव्या हातात उघडी तार, पायात रबरी चपला. घरात चामड्याच्या चपला वापरणारा माणूस माझ्या निरोपाचा मान ठेवून मुद्दाम रबरी चपला घालून बसला होता. यजमान किक मारत होते.

"पहिल्यांदा एक बोट उडाली गा!" भासरे त्यांना सांगत होते. "एक बोट! मंग एकदम बंद. काहून बंद झाली?"

मी काय बोलणार? मी न बोलण्याच्या नात्यात होते. मी यजमानांकडे पाहिलं, आणि त्यांनी किकवरचा पाय काढला.

सोमवारी मेकॅनिकनं गाडी पाहिली, म्हणजे काही पाहिलंच नाही, कारण पाहण्यासारखं काही नव्हतं. "मॅडम, डब्बा गया. इसमें खोलने का कुछ हैही नहीं."

"मग दुसरा बसवा."

"नागपुरात नाही भेटणार. मुंबईले ऑर्डर द्या लागते. दहा दिवस, पंधरा दिवस... महिना बी लागू शकते."

मला त्या क्षणी सगळ्यांचाच संताप आला. भासऱ्यांचा, यजमानांच्या गुळमुळीत बोलण्याचा, जाऊबाईंचा, आणि त्या काळ्या डब्याचाही. जुने पॉइंट दर थोड्या दिवसांनी कुरकुर करत, पण मला ते बरे करता येत होते. हा डबा कधी बिघडत नाही, असं सांगून कंपनीवाल्यांनी मला दिला, आणि बिघडला तेव्हा माझ्या हातात मुंबईची वाट पाहण्यापलीकडे काही ठेवलं नाही. सोमवारी मी सायकलरिक्षा केली होती आणि सातला दोन मिनिटं कमी असताना धापा टाकत सही केली होती. पहिली सिटी बस मला सव्वासातला सदरला सोडायची. महिना उरला होता जवळजवळ पूर्ण.

त्या संध्याकाळी अंगणात भासऱ्यांचा आवाज आला. "तिले सांग, उद्या सकाळी सहा वीसले तयार राहा म्हणा. मी सोडून देईन."

जाऊबाईंनी पहिल्यांदाच सुपातून मान वर केली. भासऱ्याच्या स्कूटरवर मागे भावजय? कुहीला कळलं असतं तर तिकडून माणसं पाहायला आली असती. पण भासऱ्यांनी ठरवलं होतं. आपल्या हातून काय झालं हे त्यांना कळलं होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडानं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघू लागली. मी पदर डोक्यावर घेऊन मागे बसायची, त्यांना धक्का लागू नये म्हणून मागच्या जादा चाकाला धरून. साडेआठ किलोमीटर कोणी बोलायचं नाही. खड्डा आला की ते मोठ्यानं "खड्डा!" म्हणायचे. ते मला उद्देशून नव्हतं, रस्त्याला उद्देशून होतं. शाळेच्या फाटकाशी मी उतरायची आणि ते समोरच्या झाडाकडे पाहत म्हणायचे, "साडेबाराले येतो." झाडाला.

मी सह्या करत होते, काळ्या शाईत. मुख्याध्यापिका खिडकीतून पाहायच्या.

मग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, धुकं पडलेल्या एका सकाळी, कस्तुरचंद पार्कच्या कुंपणापाशी हिरवी गाडी फुसफुसली आणि मेली. घड्याळात सहा पंचेचाळीस.

भासरे उतरले. आधी अर्थातच करंट पाहिला. मी दुसरीकडे तोंड करून उभी. मग खिशातून पोस्टकार्डाचा तुकडा काढला. धुक्यात तो ओलसर झाला होता. पॉइंटमधे घालून घासला, किक मारली. काही नाही. परत घासला.

"कोणी जरा किक मारत राहिलं असतं तर बरं झालं असतं," ते स्कूटरला म्हणाले.

"कोणी गेज वापरलं असतं तर किक मारायची वेळच आली नसती," मी कुंपणाला म्हणाले.

सहा अठ्ठेचाळीस. एक दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला. "काय झालं काका? करंट पाहिला का?"

"पाहिला. जाय गा तू, दूध फाटते तुह्यं."

दूधवाला गेला नाही. आणखी दोघं कुठून तरी आलेच. त्यातल्या एकानं प्लगच्या टोपीकडे हात नेला, आणि माझ्या आत जे काय गेले दोन आठवडे दाबलेलं होतं, ते बाहेर आलं.

"भाऊ, सरका!"

सतरा वर्षांतलं माझं भासऱ्यांशी पहिलं वाक्य. दोन शब्दांचं. ते सरकले. इतके पटकन सरकले की दूधवालाही दोन पावलं मागे गेला. मी पर्स त्यांच्या हातात दिली, त्यातून गेज आणि स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, निऱ्या खोचल्या आणि बसले. पंख्यावरचं झाकण काढलं, चाक हातानं फिरवून त्यातल्या खिडकीतून पॉइंट पाहिले. फायबरचा ठोकळा झिजला होता. फट जवळजवळ मिटलेली. त्यात पोस्टकार्ड नुसतं कोंबलं जात होतं. काजळी घासली, स्क्रू सैल केला, चारची पट्टी घातली, फिरवला, आवळला. भासरे माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते.

"अर्धा बोट ठेवा ना बाई," गर्दीतला एक जण म्हणाला.

"चार दशांश मिलिमीटर," मी म्हटलं. "बोट तुमच्याकडेच ठेवा."

किक मी मारली. दुसरीला चालू झाली.

फाटकातून आत शिरताना घंटा सुरू झाली होती आणि मी मस्टरपाशी पोचले तेव्हा शेवटचा टोला पडत होता. शिपायानं लाल पेन हातात घेतलं होतं. ते मी त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. सही केली. माझ्या सहीवर इंजिनाच्या तेलाचा अंगठा उमटला, तो त्या पानावर असेलच अजून.

महिना संपल्यावर मुख्याध्यापिकांनी बोलावलं. नेमणूक झाली होती. मी आभार मानले.

"आभार माझे नका मानू," त्या म्हणाल्या. "तुमच्या भासऱ्यांचे माना. रोज थंडीत आणून सोडतात. मी समितीला तेच सांगितलं, म्हटलं घरची माणसं अशी पाठीशी असतील तर बाई वेळेवर येणारच. नशीबवान आहात हो."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सगळं पहिल्यापासून सांगायला बसले असते तर पुढचा तास बुडाला असता.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. जाऊबाईंनी साखर हातावर ठेवली. भासरे अंगणात हिरवी गाडी पुसत होते, चेहऱ्यावर अशी चमक की नेमणूक त्यांचीच झाली असावी. "पॉइंटची गाडी कामी आली," ते म्हणाले. "ते इलेक्ट्रॉनिक-फिलेक्ट्रॉनिक ठीक आहे. वेळेले पॉइंटच." ते पॉइंट कोणी लावले, याचा उल्लेख आला नाही. पण हे वाक्य त्यांनी जाऊबाईंना सांगितलं नाही, स्कूटरलाही नाही. मला सांगितलं, माझ्याकडे पाहून. मग ते मागच्या चाकाकडे वळले.

डबा फेब्रुवारीत आला. मेकॅनिकनं बसवला, गाडी पहिल्या किकला चालू झाली. रविवारी सकाळी मी अंगणात आले तर भासरे माझ्या गाडीपाशी उकिडवे बसलेले, पायात रबरी चपला.

"भाऊ," मी म्हटलं, "करंट पाहायचा नाही."

"पाहून कोण राहिलं वं? पुसून राहिलो."

हातात खरंच फडकं होतं. दुसरा हात मात्र प्लगच्या टोपीवर होता, आणि मी तिथून हलले नाही. शेवटी त्यांनी काढला.

एकदा बोलायला लागल्यावर मात्र त्यांना थांबवणं कोणाला जमलं नाही. सतरा वर्षांत साचलेले सगळे सल्ले मला थेट मिळू लागले. जाऊबाई म्हणतात, पहिलं होतं तेच बरं होतं वं, माह्या कानाले आराम होता. मी रोज सहाला निघते, कारण आता इतरांच्या आधी पोचून तास वाटायचे असतात. आणि रोज भासरे शाल पांघरून फाटकाशी उभे असतात.

"पॉइंट पाहिले का?"

"यात पॉइंट नाहीत, भाऊ."

"नाहीत तं नाहीत. पण पाहिले का?"